रुग्णाच्या हातातला कागद

करी रोड स्थानकातून बाहेर पडून लालबागचं भारतमाता सिनेमागृह ओलांडलं आणि डॉ. आंबेडकर रस्त्याने परळच्या दिशेने चालू लागलं, की थोड्याच अंतरात एकामागून एक रुग्णालयं लागतात. कामगार विमा योजनेचं महात्मा गांधी रुग्णालय, १९२६ साली सुरू झालेलं केईएम, त्याच वर्षीचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, त्यापाठोपाठ १९२९चं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय, १९४१चं टाटा मेमोरियल. प्लेगच्या काळात जन्मलेली हाफकिन संस्थाही इथेच. मागे चिंचपोकळीला साथीच्या रोगांचं कस्तुरबा, पूर्वेला शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, तरी राज्यभरातून आणि राज्याबाहेरून माणसं अजून या भागात येतात ती मुख्यतः आजारासाठी. टाटामध्ये तर बिहार, बंगाल, आसामपासूनची कुटुंबं येतात आणि नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा सरळ पदपथावर मुक्काम करतात.

यातला प्रत्येक माणूस परत जाताना हातात एखादा तरी कागद घेऊन जातो. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, आहाराचा तक्ता, 'घ्यावयाची काळजी' असं शीर्षक असलेलं पत्रक. डॉक्टरांशी बोलणं काही मिनिटांचं असतं, तो कागद मात्र महिनोन्‌महिने पिशवीत राहतो. घरी गेल्यावर रात्री दहा वाजता ताप चढला किंवा टाक्यातून पाणी येऊ लागलं, तर विचारायला जवळ तोच असतो. तो वाचता येईल, कळेल आणि आपल्या घरात पाळता येईल असा करण्याचे प्रयत्न आपल्याकडे किती झाले, त्यातले कुठले साधले, कुठले फसले आणि आज नेमकं काय अडलं आहे, याचा हा आढावा.

सुरुवात आजच्या स्थितीपासून करू. सरकारी असो, पालिकेचं असो की खाजगी, बहुतेक रुग्णालयांतलं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, आणि तेही संक्षेपांनी भरलेलं. औषधाच्या पट्टीवरचा मजकूर बहुतांशी इंग्रजीत आणि इतका बारीक, की साठीतल्या माणसाला चष्मा लावूनही दिसू नये. सुट्या गोळ्यांसाठी पट्टी कापली, की औषधाचं नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. या सगळ्यात रुग्णाला खरोखर कळणारी एकच खूण असते. औषधांच्या दुकानातला माणूस पेनाने पट्टीवर किंवा पाकिटावर लिहितो ती: १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. कुठल्याही समितीने ही पद्धत ठरवून राबवली नसावी, तरी ती अक्षर ओळखणाऱ्याला आणि न ओळखणाऱ्यालाही कळते, मराठी माणसाला कळते आणि भोजपुरी बोलणाऱ्यालाही. या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी या तीन आकड्यांकडे आदराने पाहावं, असं मला वाटतं. रोजच्या गरजेतून, दुकानाच्या फळीवर घडलेलं हे आरोग्यसाहित्य आहे.

त्यालाही मर्यादा आहेत. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाची सकाळ कुठली धरायची? दिवसातून एकदाच पोटभर जेवणाऱ्याने 'जेवणानंतर' म्हणजे कधी? आणि वाचता आलं म्हणजे करता आलं, असंही नाही. टेरी डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' अशी सूचना असलेली बाटली रुग्णांच्या हातात दिली होती. वाचनाची सवय कमी असलेल्यांपैकी शंभरात सुमारे एकाहत्तर जणांनी सूचना बरोबर सांगितली. पण 'आता दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा' म्हटल्यावर बरोबर मोजणारे शंभरात जेमतेम पस्तीस निघाले. इतकं सोपं वाक्य, तेही स्वतःच्या भाषेत आणि नुकतंच मोठ्याने वाचलेलं, तरीही.

आपल्याकडे या प्रश्नावर साक्षरतेचा आकडा पुढे केला जातो. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची साक्षरता ८९ टक्क्यांच्या आसपास होती. पण जनगणनेतला साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा माणूस, आणि हेही बहुतेक वेळा घरातल्या कुणीतरी सांगितलेलं. दुकानाची पाटी आणि बसचा नंबर वाचणारा माणूस केमोथेरपीनंतरच्या सूचनांचं चार पानी पत्रक वाचू शकेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय आजारी माणूस एरवीपेक्षा कमी वाचतो. ज्याला नुकतंच कॅन्सरचं निदान कळलं आहे, त्याचं शिक्षण पदव्युत्तर असलं तरी पुढचे काही दिवस त्याच्या डोक्यात फार थोडं शिरतं. म्हणून सोपा मजकूर हा फक्त कमी शिकलेल्यांसाठी, हा समज आधी सोडायला हवा.

मराठीत रुग्णांसाठी पत्रकं मुळीच निघत नाहीत असं नाही. पालिका काढते, आरोग्य विभाग काढतो, औषध कंपन्या काढतात, संस्था काढतात. त्यातल्या पुष्कळ पत्रकांची भाषा अशी असते: 'सदर औषधाचे सेवन उपाशीपोटी करणे अनिवार्य असून विपरीत लक्षणे आढळल्यास तात्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.' शब्द मराठी, वळण सरकारी परिपत्रकाचं. घरातली थायरॉइडची गोळी घेणारी बाई यातून काय घेईल? तिला हवं ते असं: 'ही गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या तासाने प्या. पोळी-भाजी, पोहे त्यानंतर.' चहाचा उल्लेख इथे कळीचा आहे. आपल्याकडे 'मी सकाळपासून उपाशी आहे' म्हणणाऱ्या माणसाचा चहा झालेला असतो, कारण चहा खाण्यात धरलाच जात नाही. साखरेच्या तपासणीसाठी 'उपाशीपोटी या' एवढंच लिहिलं, तर दुधासाखरेचा कप घेऊन आलेल्या रुग्णाचा रिपोर्ट चुकणार. दोष त्याला देता येणार नाही.

संस्कृतीला धरून लिहिणं म्हणजे मुखपृष्ठावर नऊवारीतली बाई काढणं नव्हे. ते सर्वांत स्पष्ट दिसतं आहाराच्या तक्त्यात. मधुमेहाच्या अनेक तक्त्यांत ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल येतं. लालबागच्या चाळीतल्या घरात यातलं काय शिजतं? इथला जुना कामगार कोकणातून आला असेल तर त्याचं जेवण भात आणि मासळीचं, घाटावरून आला असेल तर भाकरी-कालवणाचं. एकाला 'भात बंद' म्हटलं की त्याचं जेवणच बंद होतं. दुसऱ्याला त्याच वाक्याचा काही उपयोग नसतो. भात किती, कुठल्या वाटीने, सोबत आमटी नि भाजी किती, हे लिहिलं तर पाळलं जाईल. उपासाचंही तसंच. मधुमेही आजी संकष्टी सोडणार नाही. तिला साबुदाण्याची खिचडी वर्ज्य म्हणून गप्प बसण्यापेक्षा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याने साखर झपाट्याने चढते, त्याऐवजी वरीचा भात थोडा आणि दाण्याची आमटी, ताक, काकडी घ्या, आणि गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारा, असं सांगणारा तक्ता तिला मित्रासारखा वाटेल. रमजानच्या रोज्यांसाठी असं मार्गदर्शन जगभर तयार झालं आहे. चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांच्यासाठीही रुग्णालयांच्या तक्त्यांत तेवढीच ठरलेली जागा हवी.

रक्तदाबाच्या पत्रकात 'मीठ कमी खा' असतं. मीठ कुठून येतं, हे घरानुसार बदलतं. पापड, लोणचं, वेफर्स, बेकरीची खारी सगळीकडे, पण कोळी आणि कोकणी घरात खारवलेली मासळी येते. तिथेही सरसकट 'सुकी मासळी नको' म्हणणं बरोबर नाही. सुका बोंबील बहुधा मीठ न लावता वलांडीवर वाळवतात, खारा बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो. एवढा फरक ज्याला माहीत आहे, त्याने लिहिलेला तक्ता घरातली बाई विश्वासाने भिंतीला लावेल.

याहून गंभीर उदाहरण नारळपाण्याचं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेणं ही आपली प्रेमाची रीत आहे. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. पत्रकात 'पोटॅशियमयुक्त पदार्थ टाळावेत' असं लिहून ते थांबणार नाही. 'भेटायला येणाऱ्यांनी शहाळं, केळी, मोसंबीचा रस आणू नये' असं लिहायला हवं, आणि ते रुग्णापेक्षा भेटायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. वाडियासारख्या प्रसूतिगृहाच्या बाबतीत वाचक आणखीच वेगळा. बाळाला पहिलं चिकाचं दूध द्यायचं की नाही, मध चाटवायचा की नाही, गुटी कधी सुरू करायची, हे बाळंतीण ठरवत नाही, तिची आई किंवा सासू ठरवते. 'मातांनो' अशी हाक घालणारं पत्रक ज्या व्यक्तीकडे निर्णय आहे तिला वगळूनच बोलतं. 'आजी, बाळाला एक वर्षापर्यंत मध नको, त्यातून जंतू जाऊन बाळ लुळं पडू शकतं' असं थेट आजीला, आदराने आणि कारणासह सांगणारं पत्रक वेगळं काम करील.

हे सगळं भाषेचं आणि तपशिलाचं झालं. त्याच्याही खाली विश्वासाचा प्रश्न आहे, आणि तो या भागात सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग सक्तीने रुग्णालयात नेणं, घरं उघडून तपासणं, सामान जाळणं सुरू झालं. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या शरीरातून तेल काढतात, अशा अफवा पसरल्या होत्या. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी या अफवांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्या वेळी सूचनापत्रं निघत नव्हती असं नाही. ती निघत होती, पण आज्ञेच्या स्वरात. सोबत शिपाई होता, आणि लोकांच्या सोवळ्या-ओवळ्याचा, पडद्याचा, मृत्यूनंतरच्या विधींचा विचार नव्हता. पुढच्या वर्षी पुण्यात याच सक्तीच्या संतापातून प्लेग अधिकाऱ्याची हत्या झाली, हे सर्वांना माहीत आहे.

सरकार त्यातून काही शिकलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या पुढाकाराने बॉम्बे सॅनिटरी असोसिएशनने चाळींमध्ये स्वच्छतेवर व्याख्यानं सुरू केली, मॅजिक लँटर्नने पडद्यावर चित्रं दाखवत. १९११ साली ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळमध्ये वाचनालयं, रात्रशाळा यांबरोबर अशी व्याख्यानं चालवली. कामगार दिवसभर राबून आल्यावर, त्याच्याच चाळीच्या पटांगणात, चित्रासह आणि त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलायचं, हे त्यांना कळलं होतं.

मराठीत आरोग्यावर निर्भयपणे आणि सोपं लिहिण्याचा मान र. धों. कर्व्यांचा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. माझ्या मते त्या मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरं. प्रश्न वाचकाचा, त्याच्याच शब्दांत, आणि उत्तर आडपडदा न ठेवता, दोन-चार ओळींत. आज रुग्णांसाठी लिहिणाऱ्या कुणालाही याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. पण याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो त्यांच्या बाजूने लढवला, तरी निकाल विरुद्ध गेला. पाळी, गुप्तरोग, कुटुंबनियोजन यांवरची आजची कित्येक पत्रकं अजूनही इतकी लाजत बोलतात, की वाचणाऱ्याला शरीराच्या कुठल्या भागाबद्दल चाललं आहे तेच कळत नाही. कर्व्यांनी नव्वद वर्षांपूर्वी जिथे पाऊल टाकलं, तिथून आपण मागे आलो आहोत.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण हे स्वतंत्र भारतातलं सर्वाधिक ओळखलं गेलेलं आरोग्यचिन्ह असावं. दवाखान्याच्या भिंतीवरचा तो त्रिकोण अक्षर न येणाऱ्यालाही कळत होता. पण आणीबाणीत नसबंदीची सक्ती आली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आलं नाही. चिन्ह सोपं होतं, लोकांना कळलंही होतं, आणि म्हणूनच ते पाहून लोक दवाखान्यापासून लांब पळू लागले.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी काय करायचं, याचं उत्तर मुंबईबाहेर मिळालं. १९७० साली जामखेडला काम सुरू करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. गोष्टी, गाणी, चित्रं आणि दर आठवड्याची उजळणी या आधारावर त्या तयार झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला बाळांचा न्यूमोनिया ओळखणाऱ्या दाया तयार करायच्या होत्या. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजायला हवं, आणि या बायकांना मोजणी बारापर्यंतच येत होती. संस्थेने त्यांना शंभरापर्यंत मोजायला शिकवलं नाही. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी बसवलेलं एक साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया. १९९२ साली या साधनावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आरोग्यसाहित्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कागद येतो. इथे साहित्य म्हणजे मणी होते, आणि त्यांनी काम केलं, कारण बनवणाऱ्यांनी आधी समोरच्या बाईला काय येतं ते पाहिलं.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८०च्या दशकात घरोघर जाऊन आयांना जलसंजीवनी शिकवली: तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ आणि पाण्याचं ठरलेलं माप. दहा वर्षांत सुमारे सव्वा कोट घरं झाली. यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पगाराची रीत. शिकवणाऱ्या बाईला पैसे किती घरं केली यावर मिळत नव्हते. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी जाऊन आयांना विचारत असे, आणि त्यांना किती आठवतं त्यावर मोबदला ठरत असे. आपल्याकडे मोहिमेच्या अहवालात 'इतकी लाख पत्रकं वाटली' असं लिहून काम पूर्ण होतं.

परळलाच झालेलं एक काम मात्र जगाने दखल घ्यावी असं आहे, आणि घेतलीही. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक दीर्घ अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची ॲसिटिक ॲसिड लावून आणि स्तनांची हाताने तपासणी करत होत्या. यंत्रं नाहीत, प्रयोगशाळा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. स्तनांच्या कॅन्सरचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. बोलावलेल्या बायकांपैकी बहुसंख्य तपासणीला आल्या, हे या आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्या समाजात जी तपासणी नवऱ्याला सांगायलाही बाई लाजते, तिच्यासाठी एवढ्या जणी आल्या, कारण तपासणीच्या आधी वस्तीत जाऊन, बायकांनी बायकांना, आजार काय आणि तपासणीत काय करणार ते समजावलं होतं.

याच अभ्यासावर एक गंभीर आक्षेपही आहे, आणि तो आपल्या विषयाचाच आहे. ज्या निम्म्या बायकांची तपासणी झाली नाही, फक्त माहिती देऊन वाट पाहिली गेली, त्यांना संमती देताना नेमकं काय सांगितलं होतं? तपासणीने जीव वाचू शकतो, ती इतरत्र करून घेता येते, हे त्यांना कळलं होतं का? २०१४ साली मुंबईहूनच निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये यावर कडक टीका झाली आणि संशोधकांनी तिचा प्रतिवादही केला. वादाच्या दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं, की संमतीपत्र हा रुग्णासाठीचा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे आणि आपण तो सर्वांत अवघड भाषेत लिहितो. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की रुग्णाला उपचाराचं स्वरूप, धोके, पर्याय यांची पुरेशी माहिती असल्याखेरीज संमतीला अर्थ नाही. तरी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी 'इथे सही करा' म्हणून पुढे येणारा कागद बदललेला नाही. धोका सांगतानाही 'दोन टक्के' ऐवजी 'अशी शस्त्रक्रिया झालेल्या शंभर माणसांपैकी दोघांना हा त्रास होतो' असं लिहिलं तर अधिक लोकांना कळतं.

जाहिरातींनी काय साधलं? २००२च्या अखेरीस मुंबईत 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' असे फलक लागले. लोकलच्या डब्यात, नाक्यावर त्या नावाची चर्चा झाली, कारण लोक जो प्रश्न एकमेकांना कुजबुजत विचारत होते तो भिंतीवर आला होता. पण त्यात आजाराचं बोट वेश्येकडे वळतं, अशी रास्त टीका स्त्री संघटनांनी केली. तंबाखूच्या बाबतीत भुसावळच्या चोवीस वर्षांच्या मुकेशचं चित्रण, टाटा रुग्णालयातलं, २०१२नंतर चित्रपटगृहांमुळे घराघरांत पोचलं. आपल्यासारखाच गुटखा खाणारा मुलगा आपल्याशी बोलतो, याचा परिणाम पुडीवरच्या इशाऱ्यातल्या विंचवाच्या चित्रापेक्षा अधिक खोल झाला असावा. भाषेची अडचण मात्र राहिलीच: करोनाच्या काळात लसीसाठीचं कोविन संकेतस्थळ मराठीत यायला २०२१चा जून उजाडला. तोवर लसीची रांग ऑनलाइन लागत होती आणि इंग्रजी येणारेच पुढे होते.

आता मोजमापाबद्दल. इंग्रजीत मजकूर किती सोपा आहे हे पाहायला फ्लेश, स्मॉग अशी सूत्रं आहेत आणि रुग्णांसाठीचं लिखाण सहावीच्या पातळीचं असावं असा तिथला संकेत आहे. ही सूत्रं वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरं मोजतात. मराठीला ती लावता येत नाहीत. 'दवाखान्यातल्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एकच लांबलचक शब्द आहे आणि कुणालाही कळतो. 'प्लीहा' दोन अक्षरांचा आहे आणि फार थोड्यांना कळतो. मराठीसाठी सर्वमान्य मोजपट्टी तयार व्हायला हवी. ती होईपर्यंत एकच खात्रीची पद्धत आहे: मजकूर ज्याच्यासाठी आहे त्याला वाचायला द्या किंवा वाचून दाखवा आणि विचारा, 'घरी गेल्यावर शेजारणीला हे कसं सांगाल?' 'कळलं का?' असं विचारू नये. डॉक्टरांसमोर आपला माणूस 'हो' म्हणतो, तो आदर असतो.

छपाईच्या काही गोष्टी साध्या आहेत, पण दुर्लक्षित. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरं असल्यामुळे इंग्रजीच्या मापाचा टंक लहान पडतो. आजाऱ्यांसाठी चौदापेक्षा लहान टंक नको, दोन ओळींत मोकळी जागा हवी. सहा भाषांचा एकच फलक करण्यापेक्षा प्रत्येक भाषेचा वेगळा कागद बरा. भायखळा, मदनपुऱ्यातल्या उर्दू वाचकासाठी चित्रांचा क्रम उजवीकडून डावीकडे लावावा लागतो, नाहीतर 'आधी' आणि 'नंतर' यांची अदलाबदल होते. शब्दांच्या बाबतीत, लोक किडनी, शुगर, बीपी म्हणतात तर पत्रकातही तेच यावं. शुद्धतेचा आग्रह पाठ्यपुस्तकात धरावा.

आता पुष्कळांच्या हातात फोन आहे आणि आरोग्याचं वाचन व्हॉट्सॲपवर होतं. कारल्याचा रस, गोमूत्र, 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत' असे संदेश मराठीत अत्यंत सुबोध लिहिलेले असतात. छोटी वाक्यं, घरातली उदाहरणं, आपुलकीचा सूर. खोटं इतकं चांगलं लिहिलं जातं आणि खरं इतकं वाईट, ही मला या सगळ्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. वाचता न येणाऱ्या आजोबांसाठी डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या आवाजातला दोन मिनिटांचा मराठी, हिंदी, बंगाली संदेश रुग्णालयानेच फोनवर पाठवणं आज सहज शक्य आहे.

हे करायला लागणारी माणसं याच शहरात आहेत. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. आज मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग आहेत आणि रुग्णाला काय कळत नाही हे तिथल्या माणसांना सर्वांत जास्त माहीत असतं. चित्रांसाठी जे. जे. उपयोजित कला महाविद्यालय आहे, वस्त्यांमध्ये पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका आहेत. १९९७ साली डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी फोर्टमध्ये रुग्णांसाठी आरोग्यविषयक वाचनालय सुरू केलं, तेव्हा ही गरज एका माणसाच्या हिमतीवर पेलली गेली. एवढ्या मोठ्या रुग्णालयवस्तीत प्रत्येक रुग्णालयाने स्वतंत्रपणे तेच मधुमेहाचं पत्रक लिहिण्याची गरज नाही. केईएम, वाडिया, टाटा, कामगार विमा रुग्णालय यांनी मिळून दहा आजारांची दहा पत्रकं करावीत. मसुदा घेऊन ओपीडीच्या रांगेत बसलेल्या वीस-पंचवीस जणांकडे जावं, त्यांनी जिथे अडखळावं तिथे खूण करावी, बदलून पुन्हा जावं. रांगेत माणसं तासन्‌तास बसलेली असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. छापताना मागच्या बाजूला, मुद्रकाच्या नावाशेजारी, हे पत्रक कुठल्या रुग्णालयात, किती रुग्णांना वाचून दाखवलं आणि कोणत्या महिन्यात, एवढं लिहावं. दोन वर्षांनी ती तारीख जुनी झाली, की पुन्हा रांगेत जावं.